नायिकेची आई होते तेव्हा

‘आवारा’ बघायला बसलं की डोळे राज कपूरची वाट पाहत असतात. त्यामुळे तो येण्याआधी पडद्यावर काय घडून गेलं, ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. समाजाची पर्वा न करता एका विधवेशी लग्न केलेला बॅरिस्टर रघुनाथ आणि त्याची ती बायको नावेतून चाललेली असतात. नवी नवलाई अजून ओसरलेली नसते. मग जग्गा डाकू तिला पळवून नेतो आणि ती गरोदर आहे असं कळल्यावर चार दिवसांनी सोडून देतो. पुढे रामायणातलं उत्तरकांडच घडतं. नवऱ्याच्या मनात संशय शिरतो, घराचा दरवाजा बंद होतो, भर पावसात रस्त्यावर बाळंतपण होतं. नंतर ती दिसते तेव्हा झोपडपट्टीत राहून पोराच्या शाळेसाठी राबणारी आई झालेली असते. आणखी थोड्या वेळाने तर पुरती वाकलेली म्हातारी.

त्या बाई म्हणजे लीला चिटणीस. चित्रपटातल्या पात्राचं नावही लीलाच आहे. १९५१ साली त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, पती झालेले पृथ्वीराज कपूर पंचेचाळीसचे आणि मुलगा राज कपूर सत्ताविशीचा. प्रिया आणि आई अशी दोन्ही रूपं त्यांनी एकाच चित्रपटात उभी केली. त्यांच्या कारकिर्दीचीही बरोबर अशीच दोन दालनं आहेत. दुसऱ्या दालनाबद्दल आपण ‘पुढे त्या चरित्र भूमिका करू लागल्या’ एवढंच लिहून मोकळे होतो. पण खरं तर त्यांचा मोठा कालखंड तोच आहे. १९४८ पासून पुढे सुमारे बावीस वर्षं त्यांनी हिंदी पडद्यावर आईचं काम केलं. नायिका म्हणून त्या गाजल्या त्या मात्र चार-पाच वर्षं. हे स्थित्यंतर कसं झालं हे पाहायचं तर एका बाईच्या वयापेक्षा एका धंद्याची मोडतोड समजून घ्यावी लागते.

लीलाबाई मूळच्या नगरकर. ९ सप्टेंबर १९०९ रोजी धारवाडला जन्म. वडील इंग्रजीचे प्राध्यापक आणि ब्राह्मो समाजाच्या विचारांचे, त्यामुळे घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. लग्न मात्र फार लहान वयात झालं. पती डॉक्टर होते आणि राजकीय विचारांनी पुढारलेले. मानवेंद्रनाथ रॉय भूमिगत असताना या दांपत्याने अटकेची जोखीम घेऊन त्यांना घरात आसरा दिला होता. पुढे संसार मोडला आणि चार मुलांची जबाबदारी एकट्या लीलाबाईंवर आली. त्यांनी शाळेत शिकवलं, नाटकात काम केलं, मग चित्रपटात आल्या. हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. हौस किंवा प्रसिद्धी यांपेक्षा घर चालवण्याची गरज त्यांना या क्षेत्रात घेऊन आली आणि पुढे आयुष्यात जे जे निर्णय त्यांनी घेतले, त्यांच्यामागे हीच गरज उभी होती असं मला वाटतं.

नाटकाकडे त्या आल्या त्या ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या वाटेने. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून या मंडळींनी मराठी नाटकाची चालच बदलली. बायकांची कामं बायकांनीच करायची, पल्लेदार भाषणांऐवजी घरात बोलतात तसं बोलायचं, गाण्यांचा मारा कमी करायचा, अशी ती शिस्त होती. इब्सेन आणि शॉ यांचे संस्कार झालेली ही माणसं. तिथे लीलाबाईंचा आवाज खाली उतरला. चार भिंतींच्या खोलीत बोलावं तसं बोलणं त्यांच्या अंगी बाणलं आणि माइकसमोर, कॅमेऱ्याच्या जवळून, नेमकं तेच लागत होतं.

चित्रपटात मात्र सुरुवात फुटकळ कामांपासून आणि स्टंटपटांपासून झाली. ‘जंटलमन डाकू’मध्ये त्या पुरुषी वेषातल्या सफाईदार ठगाच्या भूमिकेत होत्या. या चित्रपटाच्या १९३७ मधल्या जाहिरातीत त्यांच्या पदवीधर असण्याचाच डांगोरा पिटलेला होता. प्रतिष्ठित घरातली शिकलेली महाराष्ट्रीय बाई पडद्यावर येते, ही तेव्हा तिकीट खपवणारी बातमी होती. वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायकांचा ‘छाया’, मग प्रभात, मग रणजित असं करत १९३९ मध्ये त्या मालाडला, बॉम्बे टॉकीजमध्ये पोचल्या.

स्टुडिओचा जमाना म्हणजे काय, ते मालाडच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली उभी केलेली ही रीतसर मर्यादित कंपनी होती. चित्रीकरणाचे मजले, रसायनशाळा, संकलनाच्या खोल्या, खाजगी चित्रगृह सगळं एका आवारात होतं. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग जर्मनीहून आलेले. नट, लेखक, संगीतकार, सुतार सगळे महिन्याच्या पगारावर. नायक आणि नायिकासुद्धा सकाळी ठरल्या वेळी हजर राहणारे नोकरदारच. अशोककुमार मुळात तिथल्या रसायनशाळेतले सहायक होते, नायकाची जागा अचानक रिकामी झाली म्हणून कॅमेऱ्यापुढे उभे केले गेले. शिकलेली माणसं गोळा करण्यावर राय यांचा कटाक्ष होता, त्यामुळे पदवीधर लीलाबाई त्या आवारात चपखल बसल्या. त्यांच्याआधी तिथली नायिका म्हणजे देविका राणी. त्या पडद्यावरून मागे सरत होत्या आणि त्यांची खुर्ची लीलाबाईंना मिळाली. म्हणजे पगारी व्यवस्थेतही एकीच्या माघारीवर दुसरीचा उदय उभा होताच.

‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) हे तिन्ही चित्रपट धो धो चालले. तिन्हींत नायक अशोककुमार. डोळ्यांनी कसं बोलावं हे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो, असं अशोककुमारांनी कबूल केलेलं आहे. ‘झूला’ आज पाहिला तरी याची खूण पटते. वाक्य संपल्यावर त्या चेहरा चटकन सोडून देत नाहीत. समोरच्याचं बोलणं ऐकतानाही त्यांचं काम चालूच असतं. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका म्हणूनही त्यांचं नाव घेतात. त्याआधी या जाहिरातीत हॉलिवूडचे चेहरे असत. चौघा मुलांची आई असलेल्या, बत्तिशीत पोचलेल्या मराठी बाईंकडे तेव्हा देश सौंदर्याची खूण म्हणून बघत होता, हे आजच्या वाचकाने जरा थांबून मनात घोळवावं.

आणि मग, ‘झूला’नंतर आठच वर्षांनी, १९४९ मध्ये बॉम्बे टॉकीजने ‘महल’ काढला. तेच मालाड, तोच नायक. नायिका मात्र सोळा वर्षांची मधुबाला. अशोककुमार १९११ चे, म्हणजे लीलाबाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान. ‘महल’च्या आदल्याच वर्षी लीलाबाई ‘शहीद’मध्ये दिलीपकुमारची आजारी, सोसणारी आई झाल्या होत्या. दिलीपकुमार त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान.

या आठ वर्षांत काय झालं? वय तर अशोककुमार आणि लीलाबाई दोघांचंही सारखंच वाढलं होतं. बदलला होता तो धंदा. दुसरं महायुद्ध सुरू होताच मालाडचे जर्मन तंत्रज्ञ स्थानबद्ध झाले. १९४० मध्ये हिमांशु राय वारले. कंपनीत दोन तट पडले. १९४३ मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार आणि इतर मंडळींनी बाहेर पडून फिल्मिस्तान काढलं. १९४५ मध्ये देविका राणींनीही रामराम ठोकला. त्याच सुमाराला युद्धाच्या ठेक्यांतून आलेला बेहिशेबी पैसा मुंबईत खेळू लागला आणि त्यातला बराचसा चित्रपटांत शिरला. स्वतःचा स्टुडिओ नाही, रसायनशाळा नाही, पगारी माणसं नाहीत, पण हातात रोकड आहे, असे निर्माते आले. त्यांनी नटांना चित्रपटागणिक रक्कम देऊ केली आणि ती मासिक पगाराच्या कितीतरी पट असे. मग स्टुडिओत कोण थांबणार? प्रभात १९५३ मध्ये बंद पडली, बॉम्बे टॉकीजने त्यानंतर जेमतेम वर्षभर तग धरला.

नव्या व्यवस्थेत चित्रपट उभा राहायचा तो वितरकांच्या आगाऊ रकमेवर आणि वितरक ती मोजायचा नायकाच्या नावावर. नायकाचं नाव जितकं जुनं तितका त्याचा भरवसा जास्त. नायिकेचं गणित उलटं होतं, तिच्याकडून नवेपणाची अपेक्षा असे. त्यात पार्श्वगायन रुळलं. ‘कंगन’-‘बंधन’च्या दिवसांत नायिका स्वतः गायची, म्हणजे अंगी गाणं, शब्दोच्चार, थोडी पक्वता लागायची. आता आवाज लताबाईंचा आणि चेहरा दुसरीचा, असं चालू लागल्यावर सोळा वर्षांच्या मुलीला नायिका करण्यात कसलीच अडचण उरली नाही. मधुबालाच्या गुणांना कमी लेखण्याचा इथे हेतू नाही, ती विलक्षणच होती. मुद्दा एवढाच की शर्यत आता वेगळ्या नियमांनी चालली होती आणि ते नियम पुरुषांना लागू नव्हते. १९६३ च्या ‘बंदिनी’त अशोककुमार, वय पन्नाशीपार, पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या नूतनचे प्रियकर आहेत आणि प्रेक्षकांना त्यात काही खटकत नाही. नूतनची आई शोभना समर्थ अशोककुमारांपेक्षाही पाच वर्षांनी लहान.

लीलाबाई यातून मार्ग काढत होत्या. १९४२ मध्ये, ‘झूला’चं यश ताजं असतानाच, त्यांनी ‘किसी से ना कहना’ची निर्मिती केली. पुढे १९५५ मध्ये ‘आज की बात’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. हिंदीत तोवर दिग्दर्शन केलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. मूकपटांच्या काळातल्या फातमा बेगम, ‘हमारी बेटी’ काढून नूतनला पडद्यावर आणणाऱ्या शोभना समर्थ, अशी थोडकी नावं. सॉमरसेट मॉमच्या नाटकावरून लीलाबाईंनी रंगभूमीसाठी रूपांतर केलं आणि ते बसवलंही. ज्या बाईला हे सगळं जमत होतं, तिला चित्रपटसृष्टीने मागणी घातली ती फक्त आईच्या कामासाठी. हे लिहिताना मला वाईट वाटतं. पण लीलाबाईंनी ते काम ज्या निगुतीने केलं, ते पाहिलं की नुसतं वाईट वाटणं पुरेसं नाही हेही कळतं.

त्यांच्या पडद्यावरच्या मुलांची नावं घेतली की एक गंमतीचा योग दिसतो. दिलीपकुमार पहिल्यांदा पडद्यावर आला तो बॉम्बे टॉकीजच्या ‘ज्वार भाटा’त, १९४४ साली. देविका राणींनीच त्याला निवडलं होतं. राज कपूर पोरसवदा असताना त्याच कंपनीच्या ‘हमारी बात’मध्ये लहानशा भूमिकेत होता. देव आनंदला नाव मिळालं ते बॉम्बे टॉकीजच्या ‘जिद्दी’तून, १९४८ मध्ये. स्टुडिओ मोडत असताना त्याने जी अखेरची लेकरं जगाला दिली, ती तिघंही पुढे लीलाबाईंच्या पदराआड उभी राहिली. ‘शहीद’मध्ये तर नवराही जुन्या दिवसांतला होता. ‘अमृतमंथन’मध्ये डोळ्यांनी सगळा महाराष्ट्र हादरवणारे चंद्रमोहन तिथे इंग्रजांची चाकरी करणारे वडील झाले होते.

ही आई तेव्हाच्या चित्रपटाला एवढी का लागत होती? ‘शहीद’ आणि ‘आवारा’ शेजारी ठेवले की उत्तर मिळू लागतं. एकात बाप रावबहादुर, दुसऱ्यात न्यायाधीश. दोन्हीकडे बाप सत्तेच्या बाजूला आणि मुलगा कायद्याच्या पलीकडे. एक क्रांतिकारक, दुसरा भुरटा चोर. मधे आई. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, फाळणीने फाटलेल्या देशात कायदा आणि न्याय या दोन गोष्टी अजून एक झालेल्या नव्हत्या. त्या दोन्हींत ताटातूट झाली की मुलगा चांगला की वाईट हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न पटकथेत उभा राहायचा आणि तो निकाल आईच्या चेहऱ्यावर वाचायला मिळायचा. नंतरच्या चित्रपटांत बाप बहुधा नसतोच. ‘गंगा जमुना’तली गोविंदी विधवा आहे, जमीनदाराच्या घरी राबते, तिच्यावर चोरीचा खोटा आळ येतो आणि त्या धक्क्यातच ती जाते. त्यानंतरची तिच्या मुलाची, गंगाची, सगळी वाटचाल त्या एका आळातून फुटते. लीलाबाई चित्रपटात थोडाच वेळ आहेत, पण शेवटपर्यंत कथा त्यांच्यावरच उभी आहे.

‘साधना’त आई अंथरुणाला खिळलेली आहे, सून बघायची तिची अखेरची इच्छा आहे, म्हणून मुलगा एका तवायफेला भाड्याने बायको बनवून आणतो. म्हातारीने त्या मुलीला सून म्हणून जवळ घ्यायचं आणि ते प्रेक्षकाला पटायचं, हा त्या चित्रपटाचा कणा. इथे ‘नाट्यमन्वंतर’चं शिक्षण कामी आलेलं दिसतं. लीलाबाई आवाज चढवत नाहीत, रडताना शब्द गिळतात, पदर नुसता चाळवतात. त्यांच्या आईला रडूबाई म्हणून बाजूला सारणारे समीक्षक मी वाचले आहेत आणि मला ते अजिबात पटत नाहीत. रडणं लेखकाने दिलेलं होतं. त्यातला संकोच, मुलापुढे कमीपणा येऊ नये म्हणून अश्रू लपवण्याची धडपड, ही भर बाईंची होती.

स्टुडिओच्या दिवसांतल्या इतर नायिकाही याच रस्त्याने निघाल्या, पण प्रत्येकीची आई वेगळी. दुर्गाबाई खोटे यांच्या वाट्याला राजवाडे आले, ‘मुघल-ए-आझम’मधली त्यांची जोधाबाई रडतानाही राणीच असते. ललिता पवार यांच्या एका डोळ्याला चित्रीकरणात थप्पड बसून इजा झाली आणि नंतरच्या सगळ्या भूमिकांना एक धार आली. ‘हम दोनो’त देव आनंदच्या दुहेरी भूमिकेला दोन आया आहेत. एकाची लीलाबाई, दुसऱ्याची ललिताबाई. वनमालाबाईंनी ‘सिकंदर’मधली नायिका ते ‘श्यामची आई’ एवढा प्रवास केला आणि मग चित्रपटाकडे जवळजवळ पाठच फिरवली. देविका राणी तर १९४५ मध्येच चित्रकार स्व्हेतोस्लाव रोरिक यांच्याशी लग्न करून निघून गेल्या आणि दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी ठरल्या. अशी निवृत्ती लीलाबाईंना परवडणारी नव्हती. फाळके पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला नाही.

आणि ही रांग त्यांच्यापाशी थांबली नाही. १९४८ च्या ‘शहीद’ची नायिका होती कामिनी कौशल. १९६५ मध्ये ‘शहीद’ याच नावाचा, भगतसिंगांवरचा चित्रपट आला. त्यात भगतसिंगांची आई झाली तीच कामिनी कौशल.

१९६५ च्या ‘गाइड’मध्ये लीलाबाई नायक राजूच्या आई आहेत. दुसऱ्याची बायको रोझी, तीही नाचणाऱ्या घरातली, मुलाने घरात आणून ठेवली आहे हे त्या आईला सहन होत नाही. अखेरीस ती स्वतःच घर सोडून भावाबरोबर चालू लागते. लेखणीतून उतरलेली ही आई जुन्या विचारांची, हटवादी अशीच आहे. पण लीलाबाईंनी तिला खलनायिका होऊ दिलेलं नाही. ज्या बाईने स्वतः मोडक्या संसारातून बाहेर पडून, लोकांच्या नजरा झेलत, कॅमेऱ्यासमोर उभं राहून मुलं वाढवली, ती इथे नेमकी लोकलज्जेची बाजू मांडत होती. रोझीच्या जागी तीस वर्षांपूर्वी आपण होतो हे त्यांना जाणवलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नटीच्या निवृत्तीला निरोप समारंभ नसतो. कामं येईनाशी होतात, एवढंच. १९७० नंतर लीलाबाई पडद्यावर क्वचित दिसू लागल्या, ऐंशीच्या दशकात तर अगदीच तुरळक. पगारी स्टुडिओ मोडले तेव्हा नटांची नोकरीही मोडली होती. चित्रपटागणिक मिळणाऱ्या पैशाला ना निवृत्तिवेतन, ना भविष्यनिर्वाह निधी. १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचं मराठी आत्मकथन प्रसिद्ध झालं. ते हिंदीत किंवा इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहिलं, याचं मला विशेष वाटतं. देशभर त्यांचा चेहरा माहीत होता, पण आपली बाजू सांगायला बसल्या तेव्हा त्यांनी घरची भाषा निवडली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या मुलांजवळ राहायला अमेरिकेत गेल्या. १४ जुलै २००३ रोजी, चौऱ्याण्णवावं वर्ष संपत आलेलं असताना, कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावी एका शुश्रूषागृहात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. अशोककुमार त्याआधी दीड वर्ष मुंबईत वारले होते. मालाडमध्ये ते दोघं जिथे ‘झूला’च्या चित्रीकरणाला सकाळी वेळेवर हजर व्हायचे, त्या जागेत आज छोटे कारखाने आणि गाळे दाटीने उभे आहेत. पत्ता सांगताना मात्र तिथली माणसं अजून ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ असंच म्हणतात.